चिक चॉकलेट : हॉटेलच्या नृत्यमंचावरून हिंदी चित्रपटगीतात आलेला ट्रम्पेट

गोव्यातील हळदोणे या गावी १९१६ साली जन्मलेले अंतोनियो झेवियर वाझ भारतीय जॅझच्या इतिहासात ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जातात. ट्रम्पेटवादक, ‘म्युझिक मेकर्स’ या बँडचे प्रमुख, चित्रपटगीतांचे संयोजक आणि मोजक्या प्रसंगी स्वतंत्र संगीतकार अशा चार नात्यांनी त्यांनी १९४०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत मुंबईच्या संगीतजीवनात काम केले. ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ ही त्यांची ओळख हयातीतच रूढ झाली होती. मे १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला हे नाव कदाचित अपरिचित वाटेल. त्यांच्या संगीताचा बाज मात्र परिचयाचा आहे. संगीतकार सी. रामचंद्र आणि निर्माता-दिग्दर्शक भगवान या दोन मराठी कलावंतांच्या ‘अलबेला’ या चित्रपटातील गाणी आजही लग्नाच्या वरातीत आणि वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत वाजतात. त्या गाण्यांतील पितळी वाद्यांचा ठसका मुंबईच्या हॉटेलांत नृत्यसंगीत वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांनी आणला होता आणि त्या वादकांत चिक चॉकलेट अग्रभागी होते. हॉटेलच्या मंचावर बँड त्यांच्या नावाने ओळखला जाई. चित्रपटगीताच्या तबकडीवर त्यांच्यासारख्या वादकांच्या नावाला जागा नव्हती. त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना ही तफावत सतत समोर येते.

गोव्यातील संगीतशिक्षण

वाझ यांचा जन्म झाला तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. बार्देश तालुक्यातील हळदोणे हे म्हापसा नदीकाठचे गाव. गोव्यातील इतर ख्रिस्ती वस्त्यांप्रमाणे येथेही संगीताचे पहिले शिक्षण चर्चशी जोडलेले होते. चर्चच्या आधाराने चालणाऱ्या शाळांत ‘मेस्त’ म्हणजे संगीतशिक्षक मुलांना स्वरवाचन शिकवत. कागदावरील पाच रेषांवर लिहिलेले स्वर पाहून गाणे आणि त्यानंतर व्हायोलिन किंवा एखादे सुषिर वाद्य हाती घेणे, असा शिक्षणक्रम असे. प्रार्थनासंगीत, गावचे उत्सव, लग्नसमारंभ आणि मांडो या गीतप्रकाराचे गायन अशा अनेक प्रसंगी या शिक्षणाचा उपयोग होई.

या शिक्षणाचे दूरगामी परिणाम झाले. उर्वरित भारतात बहुतांश संगीत गुरुमुखातून ऐकून आत्मसात केले जात असताना गोव्यातील ग्रामीण मुलगा लिखित संगीत वाचू शकत होता. पोलिसांचे व लष्कराचे बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे, जहाजे आणि आलिशान हॉटेले या सर्वांना असे वादक हवे होते. गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्याने तरुण मुंबई, कराची, कोलकाता, रंगून अशा शहरांकडे वळत. मुंबईत धोबी तलाव, गिरगाव आणि माझगाव परिसरात गोव्यातील गावांच्या नावाने चालणारे ‘कूड’ त्यांना निवारा देत. एका गावचे लोक एकत्र राहत आणि कामाची बातमी एकमेकांना पोहोचवत. शिफारसही तिथूनच मिळे.

अंतोनियो यांनी मेकॅनिक व्हावे, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. वादकाच्या मिळकतीचा भरवसा नसल्याने ही अपेक्षा त्या काळाला धरून होती. अंतोनियो यांचा ओढा मात्र ट्रम्पेटकडे होता. तरुणपणीच ते या व्यवसायात उतरले आणि मुंबईत जम बसण्यापूर्वी रंगून व मसुरी येथेही त्यांनी वादन केले. ब्रिटिश अधिकारी आणि संस्थानिकांचा वावर असलेल्या थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळ्यात नृत्यसंगीताला मोठी मागणी असे. त्यामुळे हिवाळ्यात महानगर आणि उन्हाळ्यात डोंगरावरचे हॉटेल, असा अनेक वादकांचा वार्षिक क्रम ठरलेला होता.

मुंबईतील जॅझ

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेले जॅझ संगीत ध्वनिमुद्रिका, छापील स्वरलिपी आणि परदेशी वादकांमार्फत भारतात पोहोचले. मुंबईच्या दृष्टीने १९३५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांनी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आणला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी ताजमध्ये बँडचे नेतृत्व केले. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी मुंबई आणि कोलकाता या दोन्ही शहरांत काम केले. एप्रिल १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला.

या बँडच्या सहवासाचा गोमंतकीय वादकांना मोठा लाभ झाला. लिखित संगीत वाचणे त्यांना अवगत होते. कागदावर न उतरणारी लय, स्वर किंचित खाली ओढण्याची पद्धत आणि ऐनवेळी सुचेल तसे वादन मात्र प्रत्यक्ष ऐकूनच शिकावे लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी वादकांची ये-जा मंदावली आणि त्याच वेळी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांमुळे मुंबईतील नृत्यसंगीताची मागणी वाढली. त्यातून भारतीय बँडप्रमुखांना मोठी हॉटेले खुली झाली. मिकी कोरिया यांनी १९३९पासून सुमारे दोन दशके ताजमधील बँडचे नेतृत्व केले. मूळचे पारशी असलेले सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन यांनीही याच काळात नाव मिळवले.

म्युझिक मेकर्स

१९४५ साली चिक चॉकलेट यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ या बँडने इतर अनेक बँडना मागे टाकून ग्रीन्स हॉटेलचे कंत्राट मिळवले. अपोलो बंदरावर ताजला लागून असलेले हे हॉटेल पुढे पाडण्यात आले आणि त्या जागी आज ताजचा मनोरा उभा आहे. समुद्रासमोरच्या या दोन हॉटेलांत वाजवणे हा त्या काळी नृत्यसंगीताच्या व्यवसायातील मोठा मान होता. चिक चॉकलेट यांनी पुढे ताजमध्येही वादन केले.

बिग बँड या प्रकारात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे स्वतंत्र गट असतात. पियानो, बास, गिटार आणि ड्रम या वाद्यांवर लयीचा भार असतो. प्रत्येक गटासाठी वेगळा भाग लिहिलेला असतो. एक गट सूर मांडतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि मधल्या जागेत एखादा वादक उभा राहून स्वतंत्र वादन करतो. परदेशातून येणारी छापील स्वरलिपी मोठ्या वाद्यवृंदासाठी असे. वादकांची संख्या कमी असेल तेव्हा ती नव्याने लिहून घेण्याचे काम बँडप्रमुखावर येई. रात्रभरात फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा अशा नृत्यप्रकारांचा क्रम लावणे, नाचणाऱ्यांचा उत्साह पाहून लय वाढवणे किंवा उतरवणे, हॉटेल व्यवस्थापनाशी कंत्राट ठरवणे आणि सहकाऱ्यांचे पैसे चुकते करणे या जबाबदाऱ्याही त्याच्याच असत.

ट्रम्पेट हे वाद्य शरीराची कसोटी पाहणारे आहे. तीन कळा आणि ओठांचा ताण एवढ्यावरच सर्व स्वर काढावे लागतात. उंच स्वरांसाठी श्वासाचा दाब आणि ओठांची पकड दीर्घकाळ टिकवावी लागते. वाद्याच्या तोंडाशी म्यूट बसवून आवाज दबका, कुजबुजल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा करता येतो. न्यू ऑर्लीन्समध्ये १९०१ साली जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँग यांनी या वाद्याला जॅझमध्ये एकलवादनाचे मध्यवर्ती स्थान दिले. त्यांची वादनशैली, घोगरा गायनस्वर आणि मंचावरील लकबी यांचा चिक चॉकलेट यांच्यावर खोल प्रभाव होता. मुंबईच्या श्रोत्यांनी त्यांना आर्मस्ट्राँग यांचे नाव जोडले, त्यामागे हे साम्य होते.

या उपाधीत गौरव होता, तशी एक मर्यादाही होती. परदेशी गाण्यांची हुबेहूब आवृत्ती सादर करणे, हेच हॉटेलच्या मंचावर यशाचे मोजमाप मानले जाई. स्वतःचे संगीत रचण्याची मागणी तिथे फारशी नव्हती. ही संधी गोमंतकीय वादकांना काही किलोमीटर उत्तरेकडील दादर, परळ, मालाड आणि अंधेरीच्या चित्रपट स्टुडिओंत मिळाली.

स्टुडिओंकडे वाटचाल

या स्थलांतराला अनेक कारणे होती. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक परतले. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर संस्थानिकांचा आश्रय आटला. मुंबई प्रांतात १९४९चा दारूबंदी कायदा लागू झाल्याने हॉटेले आणि नाइट क्लब यांचे उत्पन्न घटले. मोठे बँड पोसणे व्यवस्थापनांना परवडेनासे झाले.

त्याच सुमारास हिंदी चित्रपटसंगीत विस्तारत होते. पगारी वादक ठेवणाऱ्या जुन्या चित्रसंस्थांची जागा स्वतंत्र निर्मात्यांनी घेतली आणि वादकांना गाण्यागणिक काम मिळू लागले. गाण्याचे ध्वनिमुद्रण त्या काळी सलग होत असे. गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी सादरीकरण करत. कुणाचीही चूक झाली तर गाणे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागे. लिहिलेले संगीत पाहताक्षणी बिनचूक वाजवू शकणाऱ्या वादकाचे महत्त्व त्यामुळे वाढले. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा अनेकांचा दिनक्रम बनला.

सी. रामचंद्र यांची साथ

चिक चॉकलेट यांच्या चित्रपटातील कामगिरीत सर्वांत महत्त्वाचे स्थान सी. रामचंद्र यांच्यासोबतच्या भागीदारीला आहे. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबा येथे झाला. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ या १९४२ सालच्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले आणि या दोघांचे व्यावसायिक नाते पुढे दृढ झाले. मराठी मातीतील चाल, उत्तर हिंदुस्थानी लोकधून आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीत यांपैकी कशाचेही त्यांना वावडे नव्हते. ‘अनारकली’ या १९५३ सालच्या चित्रपटातील रागाधारित रचना आणि ‘अलबेला’तील नृत्यगीते एकाच संगीतकाराची आहेत, यावरून त्यांचा आवाका ध्यानात येतो.

फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’ या १९४७ सालच्या चित्रपटातील रविवारच्या भेटीचे विनोदी गाणे हे या नव्या वळणाचे ठळक उदाहरण होय. गिटार, माउथ ऑर्गन आणि शिट्टी यांचा त्यात वापर करण्यात आला. गाणे अतोनात लोकप्रिय झाले. चित्रपटसंगीताची अभिरुची घसरल्याची टीकाही झाली. १९५०च्या ‘समाधी’ या चित्रपटासाठी लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायिलेले ‘गोरे गोरे’ हे गीत एडमंडो रॉस यांनी लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन अमेरिकी धर्तीच्या गाण्यावर बेतलेले होते. मुंबईच्या हॉटेलांत रुंबा आणि सांबा वाजवणारे बँड हा अशा सुरांचा जवळचा स्रोत होता. नाचणाऱ्यांच्या पायांना कोणती लय धरते, याचा रोजचा अनुभव या वादकांपाशी होता.

‘अलबेला’

१९५१ साली प्रदर्शित झालेला ‘अलबेला’ हा या सहकार्याचा कळस मानला जातो. भगवान आबाजी पालव यांनी या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले आणि गीता बाली यांच्यासोबत प्रमुख भूमिकाही केली. गीते राजेंद्र कृष्ण यांची होती. पुरुष स्वर बहुतांशी सी. रामचंद्र यांनीच ‘चितळकर’ या नावाने दिला. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशा वाद्यांची गुंफण करण्यात आली. चाल सोपी, कुणालाही गुणगुणता येईल अशी ठेवून तिच्या भोवती वाद्यांचे रंग भरण्याची ही पद्धत पुढील दशकभर हिंदी चित्रपटसंगीतात प्रचलित राहिली.

याच चित्रपटातील ‘दीवाना परवाना’ या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी झालरीदार लॅटिन अमेरिकी पोशाखात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. एरवी ध्वनिमुद्रण कक्षाबाहेर न दिसणाऱ्या वादकांच्या दृष्टीने ही दुर्मीळ नोंद आहे. नृत्यमंचावर ‘म्युझिक मेकर्स’ कसे दिसत असतील, याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला या काही मिनिटांतून करता येते.

भगवान यांची पावले टाकण्याची सुटसुटीत शैली पुढील पिढ्यांतील नटांनी उचलली. त्यांच्या जीवनावरील ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. चिक चॉकलेट यांच्या जन्मशताब्दीचेही तेच वर्ष होते.

संयोजक नेमके काय करत असे

चित्रपटगीताच्या निर्मितीत संयोजकाचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याची रेषा स्पष्ट नसते. सर्वसाधारणपणे संगीतकार संवादिनीवर चाल बसवून ती गाऊन दाखवत असे. सहायक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई. त्यानंतर गाण्याच्या आरंभीचे संगीत, मुखडा आणि अंतरा यांच्या मधले तुकडे, गायनाला पाठीमागून आधार देणारे स्वर आणि शेवट यांची आखणी होई. कोणता तुकडा व्हायोलिनांनी घ्यायचा, ट्रम्पेट कोठे यायचा, ताल कोठे थांबवायचा, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहिला जाई.

या कामात तांत्रिक अडचणीही असत. ट्रम्पेटचा प्रचलित प्रकार बी-फ्लॅट पट्टीचा, म्हणजे संवादिनीच्या भाषेत काळी पाचचा असतो. त्यासाठी कागदावर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. गायकाला सोयीची पट्टी काळी चार असो वा पांढरी दोन, संयोजकाला ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट यांचे भाग त्या-त्या वाद्याच्या हिशेबाने बदलून लिहावे लागत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी संगीतकाराने चाल किंवा पट्टी बदलल्यास हे सर्व काम तासाभरात पुन्हा करावे लागे. बँड चालवण्याचा अनुभव असलेले चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक या कामाला सरावलेले होते.

या दोन संगीतपद्धतींच्या भेटीत दोन्ही बाजूंनी तडजोड करावी लागली. भारतीय चाल एका सुराच्या रेषेवर चालते. पाश्चात्त्य वाद्यवृंद एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांवर उभा असतो. चालीतील मींड आणि हरकती यांना धक्का न लावता त्यांच्या खाली स्वरसंवादाचा आधार रचणे, हा प्रश्न गोमंतकीय संयोजकांनी रोजच्या कामातून सोडवला. त्यासाठी कोणतेही पाठ्यपुस्तक उपलब्ध नव्हते.

श्रेयाचा प्रश्न

ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर चित्रपटाचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव असे. गायकांनाही हा मान सुरुवातीपासून मिळाला नव्हता. ‘महल’ या १९४९ सालच्या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर प्रारंभी पात्राचेच नाव, ‘कामिनी’, छापण्यात आले होते. गायकांनी पुढे आपला हक्क मिळवला. वादक आणि संयोजक यांच्या वाट्याला मात्र श्रेयनामावलीतील ‘सहायक’ हा शब्दच बहुधा आला. अनेकदा तोही आला नाही.

परिणामी, कोणत्या गाण्यातील कोणता तुकडा कोणी रचला, हे आज खात्रीने सांगणे बहुतेक वेळा अशक्य असते. ध्वनिमुद्रण संपल्यावर वादकांचे कागद जपून ठेवण्याची प्रथा नव्हती. संगीतकाराची मूळ कल्पना आणि संयोजकाची भर वेगळी करून दाखवणारा पुरावाच त्यामुळे नाहीसा झाला. सी. रामचंद्र यांच्या प्रतिभेचे मोल यामुळे कमी होत नाही. कोणते वादक निवडायचे आणि त्यांच्याकडून काय घ्यायचे, हा निर्णय अखेर त्यांचाच होता. मात्र या गाण्यांचा इतिहास केवळ संगीतकारांच्या नावाने लिहिल्यास तो अपुरा राहतो.

१९५७ सालच्या ‘आशा’ या चित्रपटातील किशोरकुमार यांनी गायिलेले ‘ईना मीना डीका’ हे गाणे या दृष्टीने बोलके आहे. रॉक अँड रोलच्या धर्तीवरील या सी. रामचंद्र यांच्या गाण्यातील वरवर निरर्थक वाटणाऱ्या शब्दांत कोकणी शब्दही मिसळलेले आहेत. वाद्यवृंदातील गोमंतकीयांची भाषा अशा रीतीने देशभर पोहोचली. ती कोकणी असल्याचे बहुसंख्य श्रोत्यांच्या लक्षातही आले नाही.

स्वतंत्र संगीतकार

चिक चॉकलेट यांना स्वतःच्या नावाने चित्रपटाला संगीत देण्याची संधीही मिळाली. देव आनंद आणि मधुबाला यांच्या भूमिका असलेल्या ‘नादान’ या १९५१ सालच्या चित्रपटाचे ते संगीतकार होते. त्यातील तलत महमूद यांनी गायिलेले ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे गाणे जुन्या गीतांच्या रसिकांत आजही प्रिय आहे. नृत्यसंगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडप्रमुखाने संथ, हळव्या गझलवळणाची चाल बांधली, ही बाब त्यांच्या समजेचा आवाका दाखवते. हिंदी गीताचा भाव आणि तलत यांच्या कंपित स्वराची जातकुळी त्यांनी नेमकी ओळखली होती.

‘नादान’ आणि ‘अलबेला’ हे दोन्ही चित्रपट एकाच वर्षीचे. एकात नाव संगीतकाराच्या जागी आले, दुसऱ्यात चेहरा पडद्यावर आला. तरीही स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांची कारकीर्द फार पुढे गेली नाही. ट्रम्पेट, बँड आणि संयोजन हेच त्यांचे मुख्य काम राहिले.

अखेरचा काळ

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे अमेरिकी जॅझ कलावंत भारताच्या दौऱ्यावर येऊ लागले. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ साली, तर ड्यूक एलिंग्टन आपल्या बिग बँडसह १९६३ साली भारतात आले. मात्र मोठ्या बँडचा काळ जगभर ओसरत होता. विजेच्या गिटारवर वाजवणाऱ्या चार-पाच जणांच्या तरुण गटांनी क्लबची जागा घेण्यास सुरुवात केली होती.

चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’ या १९६६ सालच्या चित्रपटात चिक चॉकलेट पुन्हा पडद्यावर दिसले. राजेश खन्ना यांचा हा सुरुवातीचा चित्रपट. संगीत खय्याम यांचे होते. नाइट क्लबमधील ‘रुत जवाँ जवाँ’ हे गाणे भूपिंदर सिंग यांनी गायिले आणि पडद्यावरही तेच गाताना दिसतात. त्या गाण्यातील ट्रम्पेटवादक म्हणजे चिक चॉकलेट. ‘अलबेला’तील झालरीदार पोशाखातील उत्साही बँड आणि या गाण्यातील संथ, रात्रीच्या प्रहरी वाजणारा एकाकी ट्रम्पेट यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर वर्षभरातच, मे १९६७ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती.

समकालीन गोमंतकीय

चिक चॉकलेट यांची वाटचाल एका मोठ्या परंपरेचा भाग होती. कुडचडे येथील ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी हॉटेलांतील बँड आणि चित्रपटसंगीत या दोन्ही क्षेत्रांत काम केले. गोवामुक्तीनंतर त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट निर्माण केले. मडगावचे ट्रम्पेट व सॅक्सोफोनवादक ख्रिस पेरी यांनी जॅझची लय कोकणी गीतात आणली. गायिका लोर्ना यांच्यासोबतची त्यांची गाणी गोव्यात घरोघरी पोहोचली. त्या दोघांच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाला भव्य रूप दिले.

माजोर्डा येथील व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण श्रेयाच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील गाण्यामुळे गोन्साल्विस यांचे नाव देशभर पोहोचले, पण ते एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून. हे नाव एका खऱ्या वादकाचे आहे, ही गोष्ट बहुतेकांना फार उशिरा समजली.

नोंद आणि वारसा

या वादकांच्या कार्याची पद्धतशीर नोंद एकविसाव्या शतकात होऊ लागली. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास आणि त्यातील चिक चॉकलेट यांचे स्थान नव्या वाचकांसमोर आणले. बूथ यांनीच २००५ साली ‘ब्रास बाजा’ हा लग्नाच्या बँडवरील ग्रंथ लिहिला होता. हॉटेलच्या मंचावरून स्टुडिओत गेलेला ट्रम्पेटचा सूर वरातीच्या बँडमार्फत गावोगावी कसा पोहोचला, याचा मागोवा या ग्रंथांच्या आधारे घेता येतो.

सी. रामचंद्र यांचे ५ जानेवारी १९८२ रोजी निधन झाले. भगवान यांनी ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथे अखेरचा श्वास घेतला. या दोघांच्या जीवनाची माहिती मराठीत पुस्तके, लेख आणि चित्रपट यांच्या रूपाने उपलब्ध आहे. त्यांच्या गाण्यांना पितळी वाद्यांचा आवाज देणाऱ्या हळदोण्याच्या वादकाविषयी मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे. ‘अलबेला’, ‘नादान’ आणि ‘आखरी खत’ या तीन चित्रपटांतून बँडप्रमुख, संगीतकार आणि वादक अशी त्यांची तिन्ही रूपे आजही पाहता आणि ऐकता येतात.